ठिबकच्या मॉडेलचं सामान ऑनलाइन मागवायचंय, पैसे कसे भरावेत?

जिपशिक्षक_जिंतूर
नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी माती सुकली की आपोआप पाणी सोडणारं ठिबक करायचंय. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड), ओलाव्याचा सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच) आणि छोटा पंप एवढं लागेल असं वाटतं. बजेट १५०० रुपये. इन्स्टाग्रामवर एक जण 'पूर्ण किट ६९९' म्हणून विकायलाय. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणतो, क्यूआर पाठवलाय. तो स्कॅन केला की दुकानाऐवजी कुण्या व्यक्तीचं नाव येतंय. बिल नंतर पाठवतो म्हणे, पण शाळेला बिल लागतंच. शिवाय आमच्या गावात कुरिअरवाले येत नाहीत, जिंतूरला बोलावतात. काय करावं?

सोल्डरगन_लातूर
पैशांचं दुसरे सांगतील, मी सामानाचं सांगतो. किट घेऊच नका, सुटं घ्या. किटमध्ये हमखास दोन काट्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर असतो. ओल्या मातीत त्यातून सतत करंट जातो, इलेक्ट्रोलिसिस होतं आणि थोड्याच दिवसांत काटे काळे पडून झिजतात. ऐन प्रदर्शनाच्या दिवशी आकडे भलतेच येतात. कपॅसिटिव्ह घ्या, त्याचा धातू मातीला लागत नाही. त्यावरच्या चिपचा फोटो झूम करून बघा. टीएलसी ५५५ असेल तर उत्तम. एनई ५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात. उनोच्या ५ व्होल्टवर तो चालेल, पण नोडएमसीयू या दुसऱ्या बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर गप्प बसेल.

यादी अशी: उनो (स्वस्त क्लोन म्हणजे नक्कल चालेल, पण त्यात यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, शाळेच्या कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर टाकावा लागू शकतो), यूएसबी ए-बी केबल (प्रिंटरची असते तीच), सेन्सर २ (एक सुटा ठेवा), ५ व्होल्टचा एक चॅनेलचा रिले, ३ ते ६ व्होल्टचा पाण्यात बुडणारा पंप, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), चार पेन्सिल सेलचा होल्डर आणि जंपर वायर मेल-मेल (दोन्ही टोकांना पिन) व मेल-फीमेल (एका टोकाला पिन, दुसऱ्याला भोक) दोन्ही. लोक एकाच प्रकारच्या वायर मागवतात आणि मग सेन्सर जोडताच येत नाही.

पंप उनोच्या पिनवर लावू नका. एका पिनमधून २० मिलिअँपच्या आसपासच करंट घ्यावा, पंपाला त्याच्या कितीतरी पट लागतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही पंपापुढे लगेच मान टाकते. पंपाला चार सेल वेगळे द्या, उनोला मोबाइल चार्जर. दोन्ही एकाच सप्लायवर ठेवले तर पंप चालू होताच बोर्ड रीस्टार्ट होतो आणि मुलं तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. डायोड पंपाच्या दोन वायरींमध्ये, पट्टीची बाजू प्लसकडे. पंपाची वायर जोडायला रिलेच्या कॉम आणि एनओ (रिले चालू झाल्यावरच कॉमला जोडली जाणारी) या दोनच जागा वापरा. २३० व्होल्टचा पंप मुलांच्या मॉडेलमध्ये अजिबात नको.

बरेच रिले लो सिग्नलवर (पिनवर ० व्होल्ट असताना) चालू होतात, म्हणून बोर्ड सुरू होताना पंप एक झटका मारतो. कोडमध्ये पिन आउटपुट करायच्या आधीच तिला हाय (५ व्होल्ट) करा.

नळी पंपासोबतच मागवा. पंपाचं तोंड जाड असतं, सलाइनची नळी त्यावर बसत नाही. पुढे थेंब पाडायला मात्र सलाइनचा सेट झकास, त्याची चाकी फिरवून थेंब कमीजास्त करता येतात. तो मेडिकलमधून नवा घ्या, दवाखान्यातला वापरलेला नको. आणि नळीचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर पंप बंद झाला तरी सायफनने पाणी वाहतच राहतं.

पावती_नांदेड
सर, त्या क्यूआरवर पैसे पाठवू नका. व्यक्तीचं नाव म्हणजे खातं खासगी. बिल नाही, परत करायची सोय नाही, उद्या त्याने ब्लॉक केलं तर दारात जायला पत्ताही नाही.

वेबसाइटवरून घेताना आधी तिचा जीएसटी क्रमांक पाहा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं मालकाचं पॅन. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसतं. पैसे भरताना यूपीआय अ‍ॅपमध्ये येणारं नाव दुकानाशी किंवा पेमेंट कंपनीशी जुळलं पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर असेल तर पुढची साइट बघा.

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे पूर्ण सुरक्षित, असं समजू नका. अनोळखी साइटचं खोकं पैसे दिल्यावरच उघडायला मिळतं. आत दगड निघाला तर कुरिअरवाला पैसे परत करत नाही.

पैसे कटले आणि ऑर्डर झाली नाही, तर घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. दुकानाला केलेला यूपीआय व्यवहार फसला तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. या काळात गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधू नका, तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. 'रिफंडसाठी पिन टाका' म्हणणारा चोरच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

जिपशिक्षक_जिंतूर
६९९ वाल्याला नाही म्हणून कळवलं. बिल कुणाच्या नावे घ्यावं? आणि गावात पार्सल कसं येईल?

पावती_नांदेड
बिल 'मुख्याध्यापक, …' आणि शाळेचं पूर्ण नाव असं घ्या. ऑर्डर करतानाच बिलिंगच्या रकान्यात टाका, नंतर बदलून मिळवणं अवघड जातं. इन्स्पायर-मानक या केंद्राच्या विज्ञान योजनेतून विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० आलेले असतील तर विद्यार्थ्याचं नावही घालून घ्या आणि खर्चाची फाइल वेगळी ठेवा.

टपालपिशवी
पार्सलसाठी स्पीड पोस्टचा पर्याय देणारं दुकान निवडा, पोस्टमन गावात येतोच. ट्रॅकिंग क्रमांक १३ अक्षरांचा आणि शेवट आयएन. 'पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर ५ रुपये भरा' असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. डिलिव्हरी बॉय म्हणून कुणी *४०१* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगेल, तो लावला तर तुमचे कॉल आणि फोनवर येणारे ओटीपी त्याच्याकडे वळतात. चुकून लावलाच तर ##००२# लावून वळवणी रद्द करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, हाताशी व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक ठेवा. सामान खराब निघालं आणि दुकान दाद देईना तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन.

लिथियमचे सेल यादीत घालू नका. ते सहसा विमानाने जात नाहीत, पार्सल रस्त्याने येतं आणि रखडतं. पेन्सिल सेल जिंतूरच्या बाजारात मिळतील. खोकं फोडताना न थांबवता व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून.

सोल्डरगन_लातूर
सामान आलं की त्याच दिवशी सगळे भाग तपासा, परत करायची मुदत थोडीच असते. सेन्सर आधी हवेत धरून आकडा लिहा, मग त्यावरच्या रेषेपर्यंत पाण्यात बुडवून दुसरा. ओलं होईल तसा आकडा उतरतो. रेषेच्या वर पाणी लागू देऊ नका, कडांना नेलपॉलिश लावून घ्या. मॉडेलमध्ये आपली काळी माती वापरणार असाल तर ती सुकताना भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी पडते आणि माती ओली असली तरी तो 'कोरडं' म्हणतो. माती चाळून, थोडी वाळू मिसळून सेन्सरभोवती घट्ट दाबा आणि पंप चालू करायचा आकडा त्याच मातीत ठरवा.