मुलुंडचा जुना फ्लॅट, संडास-बाथरूम एकत्र करायचंय, बीएमसीची परवानगी लागते का?

मुलुंडपूर्व: नमस्कार मंडळी. आमची १९८६ ची बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, संडास वेगळा बाथरूम वेगळं, मधे भिंत. आईचे गुडघे पार गेलेत, इंडियनवर बसवत नाही, म्हणून कमोड बसवायचाय आणि जमलं तर मधली भिंत काढून दोन्ही एकच करायचं म्हणजे तिला धरून आत नेता येईल. सेक्रेटरी काका म्हणतात आधी बीएमसीचा कागद आणा मगच माणसं आत सोडतो, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो घरातल्या कामाला कोण विचारतंय. नक्की काय लागतं? पावसाच्या आधी उरकायचंय.

कागदपत्र_काका: दोन कामं वेगळी धरा. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३४२ बघा, त्यात टेनंटेबल रिपेअर्सना, म्हणजे घर राहण्याजोगं ठेवायच्या दुरुस्त्यांना, सूट आहे. लाद्या बदलणं, प्लास्टर, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, फिटिंग बदलणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे इंडियन काढून कमोड बसवायला बीएमसीत जायची गरज नाही, काकांना हे कलमच दाखवा. पण लोड बेअरिंग (वरचं वजन पेलणारी) भिंत किंवा कॉलम-बीम काढणं, जमिनीची लेव्हल खाली नेणं याला सूट नाही. आणि सोसायटीला मात्र लेखी अर्ज द्यायचाच, उपविधींप्रमाणे कमिटीची आधी परवानगी लागते, पोचपावती घेऊन ठेवा. तोंडी हो म्हणाले होते हे उद्या कमिटी बदलली की कोणी ऐकत नाही.

साइटवरचा: भिंतीबद्दल बोलतो. आरसीसी फ्रेम, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमचा सांगाडा असेल तर साडेचार इंची भिंत बहुतेक पार्टिशनच, नुसती आडोशाची, असते, पण जुन्या बिल्डिंगांत संडासावर लॉफ्ट असतो, त्यात पाण्याची टाकी, आणि कधीकधी लॉफ्टचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला असतो!! भिंत काढली की वरचं वजन कुठे जाणार? म्हणून लायसनवाला स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी आणा, तो बघून लेखी देईल आणि वॉर्डात अर्ज करावा लागेल का तेही सांगेल, कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर घण घालू देऊ नका. बिल्डिंगला ३० वर्षं कधीच उलटून गेलीत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालेलं असायला हवं, तो रिपोर्ट सोसायटीकडे मागा. घाटकोपरच्या दामोदर पार्कात २५ जुलै २०१७ ला चार मजली इमारत पडली, १७ माणसं गेली, तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप होता. बाथरूमचं काम छोटं असतं हे मान्य, पण घण तोच असतो.

खालच्या_मजल्यावरची: मी खाली राहणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, आमच्या वरच्यांनी कमोडची जागा सरकवली आणि तो पाइप आमच्या किचनच्या डोक्यावर आला, दोन पावसाळे ओट्यावर थेंब पडत होते. कृपा करून कमोड आहे त्याच संडासाच्या जागेत ठेवा, ओली जागा कोरड्या खोलीवर आणू नका. लाद्या काढल्या की वॉटरप्रूफिंग करून नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जायचं भोक) बंद करा, निदान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्यांना बोलावून सीलिंग दाखवा. लाद्या लागायच्या *आधी* हं. नंतर गळलं तर आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च मेंबरवरच येतो.

मुलुंडपूर्व: खूप आभार सगळ्यांचे. लॉफ्ट आहे आणि टाकी पण आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत भिंतीला हात लावत नाही. तोवर कमोड आणि आईला धरायला दांड्या एवढंच करून घेऊ का?

साइटवरचा: करा, आईंची अडचण आधी सुटू दे. फक्त दांडी भरीव विटांच्या भिंतीत अँकर फास्टनरने (भिंतीत फुलून घट्ट बसणारा बोल्ट) बसवा, नुसत्या लादीत स्क्रू मारला तर वजन आलं की उपटून येते. आणि भिंत पुढे काढायचीच असेल तर दांडी त्या भिंतीवर नको, समोरच्या बाजूला घ्या. डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, गेटबाहेर टाकू नका, बीएमसीची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.