कोकणातलं प्रत्येक नुकसान हवामान बदलाच्या खात्यावर टाकायचं का?

सड्यावरून (धागाकर्ता):
आंबा कमी आला, हवामान बदल. बांगडा मिळेना, हवामान बदल. बाजारपेठेत पाणी शिरलं, तरी हवामान बदल. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे प्रतिसादांत तेच तेच नको: पृथ्वी तापतेय आणि ती कोळसा-तेल जाळल्याने तापतेय, हे मला मान्य आहे. माझा राग आहे तो याच्याआड लपणाऱ्यांवर. कारण हवामान बदलावर गुन्हा दाखल होत नाही, त्याला नोटीस जात नाही, त्याची बदलीही होत नाही. साहेबांना याहून सोयीचा आरोपी मिळणार नाही.

चिपळूण घ्या. 22 जुलै 2021. पाऊस भयंकर होता, कबूल. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर. पण चिपळूण 2005 लाही बुडालं होतं. मधल्या सोळा वर्षांत वाशिष्ठीतला गाळ कुणी काढला? पुराच्या पट्ट्यात भराव आणि त्यावर इमारती कुणी होऊ दिल्या? वरच्या डोंगरांवरची झाडं ट्रकात भरून कुठे गेली? त्यात कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी कोळकेवाडी धरणावरून याच नदीत येतं. वर्षाला 67.5 टीएमसी पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे. पाणी कधी आणि किती सोडायचं हे इथलीच माणसं ठरवतात.

हापूसचंही तेच. कराराने बाग घेणारा दोन-तीन वर्षांत पैसे वसूल करायला कल्टार (जबरदस्तीने मोहोर आणणारं औषध) ओततो, झाड पिळून घेतो आणि निघून जातो. मग कलम वठलं की मालक आकाशाकडे बघतो. आणि समुद्रात एलईडी दिवेवाल्यांनी आणि पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या वेढ्याच्या जाळ्यांनी थवेच्या थवे ओढणाऱ्यांनी) काय धुमाकूळ घातलाय तो बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं: इथे जे हातात आहे त्याबद्दल भांडा. कार्बनचं दिल्ली आणि जिनिव्हावाले बघतील.

देवगडचा कलमवाला:
दादा, कल्टारबद्दल बोललात ते खरंच आहे. आमच्या वाडीतच अशा दोन बागा आहेत, बघवत नाही. पण मी कल्टार घालत नाही आणि तरी माझी बाग फसते, त्याचं काय?

हापूसला मोहोर यायला पाऊस गेल्यावर जमीन सुकावी लागते आणि रात्री थंड व्हाव्या लागतात. आता दिवाळी होऊन गेली तरी हवेत दमटपणा, मध्येच एक सर. झाड मोहोर टाकायच्या ऐवजी पालवी काढतं. मोहोर येतो तो उशिरा. त्यावर तुडतुडे आणि फुलकिडे, म्हणजे फवारणीचा खर्च. मग जानेवारीत थंडी आली की लांबते, आणि वाटाण्याएवढी फळं लागलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो. झाडाची ताकद नव्या मोहोराकडे गेली की आधीची फळं गळतात. एवढ्यातून जे वाचलं ते मार्चच्या उन्हात भाजतं. डागी आंबा वाशीला कोण घेतो? तो जातो कॅनिंगला, किलोच्या भावाने.

फेब्रुवारी 2023 हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत तापलेला फेब्रुवारी होता, कमाल तापमानाच्या सरासरीत. कल्टारने फेब्रुवारी तापत नाही हो.

रापणकर:
तुमी आंब्यार वाद घालतास. हंय दर्यात काय चल्ला हा ता बघा. एलईडीवाले रातीचे दिवे लावन सगळो मासो एका जाग्यार जमवतत आणि बारक्या पिलांसकट भरून नेतत. केंद्रान 2017 सालात बंदी घातली. कागदार आसा! रातीचे किनाऱ्यार येवन उभे रवा आणि दिवे दिसतत काय नाय ता सांगा. आमच्या रापणीक (किनाऱ्यार ओढूच्या जाळ्याक) पयल्यासारखो बांगडो गावणा नाय. तापमान वाढला म्हणान एलईडीवालो सुटता काय? धागा काढणाऱ्याक माझो पाठिंबो.

दाभोळखाडी:
रापणकर, एलईडीवाला सुटू नयेच. पण पश्चिम हिंदी महासागरातलं वनस्पती-प्लवंग, म्हणजे माशाच्या साखळीतला पहिला घास, गेल्या सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटल्याचा अभ्यास आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाचा, 2016 चा. वरचं पाणी तापलं की खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, आणि खालचं खत वर येत नाही. त्या उपाशी समुद्रात एलईडीवाला उरलेलं ओढतो. उद्या एलईडी पूर्ण थांबली तरी समुद्र तापतोच आहे. म्हणून तर एलईडी आज थांबवायला हवी! तुमच्या बाजूचाच मुद्दा आहे हा, विरोधातला नाही.

जुनं खोड:
हसू येतं. 1948 च्या नोव्हेंबरात मुंबईला चक्रीवादळ धडकलं होतं. तेव्हा किती गाड्या होत्या रस्त्यावर? तारली तर शंभर वर्षांपासून कधी येते, कधी दडी मारते. हिमयुगं आली, गेली. सूर्याची चक्रं असतात, ज्वालामुखी असतात. माणसाची लायकी काय हवामान बदलायची! हे सगळं परिषदा भरवणाऱ्यांचं आणि सोलर विकणाऱ्यांचं दुकान आहे. निसर्ग निसर्गाचं बघून घेईल.

फिजिक्सवाली:
काका, एकेक घेऊया.

सूर्य. 1978 पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत. अकरा वर्षांचे चढउतार दिसतात, वाढीचा कल दिसत नाही. आणि सूर्य जास्त तापवत असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता. तो थंड होतोय. खाली तापणं आणि वर थंड होणं ही जोडी हरितगृह वायूंचीच खूण आहे.

ज्वालामुखी. माणूस इंधन जाळून वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून एक अब्ज टनही सोडत नाहीत.

आणि हवेत वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात कार्बन-14 उरलेला नसतो. असा 'म्हातारा' कार्बन मिसळल्याने हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण पातळ होत गेलं, हे मोजलेलं आहे. औद्योगिक काळाच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 280 भाग होता, 1958 साली हवाई बेटावरच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा 315, आता 420 च्या वर. हा वायू उष्णता धरतो हे युनिस फूट या बाईंनी 1856 साली काचेच्या नळ्यांत प्रयोग करून दाखवलं होतं. तेव्हा सोलर विकणारं कुणी नव्हतं.

1948 चं वादळ खरं आहे. प्रश्न एका वादळाचा नाहीच. 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं 150 टक्क्यांनी. हाही पुण्याच्याच शास्त्रज्ञांचा अभ्यास, 2021 चा. त्याच काळात बंगालच्या उपसागरात किंचित घट आहे, म्हणजे 'उपग्रह आले म्हणून जास्त दिसतात' हेही उत्तर चालत नाही.

जुनं खोड:
अभ्यास काय, हवे तसे करता येतात. माझ्या बापाने न बघितलेलं काही मी बघितलेलं नाही.

श्रीवर्धनची पोफळी:
काका, 3 जून 2020 ला इथे असतात तर हे लिहिलं नसतंत. निसर्ग वादळाने एका दुपारी आमच्या रोठा सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावली की उत्पन्नाला यायला बरीच वर्षं जातात. नारळाचंही तसंच. घराचे पत्रे महिन्याभरात आले, बाग अजून पुरती उभी नाही. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातला गेलं. माझ्या आजोबांना दोन वादळांच्या मध्ये बाग वाढवायला सवड मिळाली होती.

सड्यावरून:
जुनं खोड, तुम्ही माझ्या बाजूने बोलू नका, कृपा करा.

फिजिक्सवाली, तुमचं सगळं मान्य, मी पहिल्या ओळीतच मान्य केलं होतं. पण त्याने माझा मुद्दा हलत नाही. समजा, तापमानवाढ नसतीच. तरी चिरेखाणीने पोखरलेला डोंगर खाली आलाच असता ना? तळीयेची दरड, इर्शाळवाडी, दरवेळी मंत्री येतात आणि 'निसर्गापुढे काय चालणार' म्हणून जातात. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाबद्दल लिहून दिलं होतं. ते कुणी फाइलबंद केलं? कार्बनने?

पूल-मोरीवाला:
स्थापत्याची कामं करतो, गावं सांगत नाही. धागाकर्त्याचा अर्धा मुद्दा सोळा आणे खरा. उरलेला अर्धा धोक्याचा आहे, कसा ते सांगतो.

मोरी किती रुंद ठेवायची, पुलाची उंची किती, नदीतून किती पाणी जाईल, हे सगळं जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढतात. पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असं. त्यामागे धरून चाललेली गोष्ट एकच: पुढचा पाऊस मागच्यासारखा असेल. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिप्पट झाल्याचं 2017 च्या अभ्यासात आहे, आणि ते बाष्प बरंचसं आपल्या अरबी समुद्राकडून जातं.

आता तुम्ही आंदोलन केलंत, वाशिष्ठीतला गाळ निघाला. किती काढायचा? नदीचं पात्र कुठल्या पुरासाठी मोकळं करायचं? पुराची हद्द दाखवणारी निळी आणि लाल रेषा कुठे आखायची? 'हवामानाचं दिल्ली बघेल' म्हणालात तर ठेकेदार जुन्याच आकड्याने काम करेल, बिल घेईल, आणि पुढच्या वेळी तोच साहेब म्हणेल की पाऊसच अभूतपूर्व होता. साहेबाची पळवाट बंद करायची तर हा आकडाच पकडायला हवा. अंदाज उपलब्ध होता, तरी जुन्या नोंदीवर बांधलंत, हा जाब विचारता येतो. माझ्या मते नुसत्या गाळापेक्षा तो जास्त झोंबेल.

खारेपाटकर:
पूल-मोरीवाल्यांना जोरदार अनुमोदन. आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटात रोज हेच बघतो. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला 3.3 मिलिमीटरने वाढली, सरकारी अहवालातच आहे. म्हणजे सगळे मिळून आठेक सेंटिमीटर. ऐकायला चार बोटं. पण आमची शेतं उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहेत, बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या मातीच्या बांधाच्या, भरवशावर आहेत. बाहेरकाठ्याच्या माथ्याला चार बोटं कमी पडली की उधाणाला पाणी वरून येतं, एकदा वरून आलं की माती वाहून खांड पडते. खारं पाणी शिरलं की पुढली पिकं गेली. तीन वर्षं तसंच राहिलं की तिवरं (खारफुटी) उगवतात, आणि तिवरं उगवली की ती तोडायला बंदी. शेत गेलं ते गेलंच.

पण धागाकर्ताही खोटं बोलत नाही. पूर्वी गावकी मिळून बाहेरकाठा बांधायची, उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) झडपा बघायची. आता निविदा निघेपर्यंत दोन उधाणं होऊन जातात.

ठाण्याचा चाकरमानी:
सगळं वाचलं. एक विचारतो: आपण दरडोई वर्षाला 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस 14 टन. मग खारेपाटच्या शेतकऱ्याने भोगायचं का? पैसे त्यांनी द्यायला नकोत?

दाभोळखाडी:
द्यायलाच हवेत. पण सरासरीमागे लपू नका. गणपतीला एकट्यासाठी गाडी काढून येणारा चाकरमानी आणि रापण ओढणारा माणूस, दोघांची सरासरी 2 टन. आणि जयगडला 1200 मेगावॉट वीज कोळशावरच होते, तिचा धूर आपल्या खाडीवर आणि वीज तुमच्याकडे.

ठाण्याचा चाकरमानी:
रेल्वेचं तिकीट मिळवून द्या, गाडी विकतो.

देवगडचा कलमवाला:
विषय भरकटायच्या आत. धागाकर्ते म्हणतात, हातात आहे त्यावर भांडा. तर हे घ्या, हातातलंच आहे. आमचा फळपीक विमा हवामानावर आहे. अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा. ठरलेला आकडा ओलांडला तर भरपाई, नुकसान बघायला कुणी येत नाही. आणि आकडा मोजतं महसूल मंडळातलं एक हवामान केंद्र. केंद्र बसवलंय खाली, झाडीत, गारव्याला. माझी कलमं कातळावर. तिथे दुपारी दगड हाताला चटका देतो, केंद्रात पारा दोन अंश कमी. कागदावर माझ्या आंब्याला ऊन लागलंच नाही! इथे हवामान बदल नाकारून मी कुणाशी भांडू? मला तर तो मोजून हवाय.

सड्यावरून:
हे मात्र पटलं नाही. विमा मिळाला की बागायतदार गप्प बसतो आणि सड्यावर आणखी एक चिरेखाण उघडते. भरपाई हे उत्तर धरलंत तर पोखरणाऱ्याला मोकळं रान.

देवगडचा कलमवाला:
तुमची पगाराची नोकरी असावी. माझं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं, चिरेखाण त्यानंतर. केंद्र कातळावर बसवा, असा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडतोय, त्यात तुमच्या चिरेखाणीचं कलम घालायला माझी हरकत नाही. मसुदा तुम्ही लिहा, तुमची भाषा धारदार आहे.

रापणकर:
एलईडी पण घाला त्येच्यात.

सड्यावरून:
लिहितो. पण पहिलं कलम चिरेखाणीचं, केंद्राचं दुसरं.

देवगडचा कलमवाला:
नाही. केंद्राचं पहिलं. मोहोर यायच्या आत बसायला हवं ते.