अनुभव धागा: तिकिटावरचे तास आणि दारातनं दारापर्यंतचे तास

सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरनं, दिल्ली आकाशमार्गे साधारण १,४३० किलोमीटर. थेट विमानाला अडीच तासांच्या आसपास. गोवा एक्स्प्रेसनं हेच दोन रात्री. पण निपाणी-खानापूरहून निघणाऱ्याचा हिशेब तिकिटावर मावत नाही. लांबच्या प्रवासात वेळ नेमका कुठं गेला ते लिहा. नुसतं 'प्रवास छान झाला' नको.

जांबोटी रोड: मिस्टर दुबईला. गोव्याहून दुबई विमानात साडेतीन तास. त्याआधी गोव्यात उतरायला चोर्ला घाटानं तीन तास, वर विमानतळावर तीन तास अगोदर हजर. पावसात घाटात ट्रक आडवा झाला की संपलंच! आम्ही आता कणकुंबीला चहालासुद्धा थांबत नाही. तिकडं घड्याळ दीड तास मागं, म्हणून पोचल्याची वेळ बघून सासूबाई म्हणतात, "दोन तासांत गेला की!"

शहापूरची लेक: आमच्या आईचंही तेच. मुंबईहून दुपारी दोनला सुटलेलं विमान उन्हाळ्यात लंडनला संध्याकाळी साडेसातला टेकतं. अंतर ७,२०० किलोमीटर, प्रत्यक्षात दहा तास. येताना मात्र तासभर कमी, कारण उंचावर पश्चिमेकडनं जोराचा वारा असतो आणि तो पाठीशी येतो.

माजी फौजी, खानापूर: वेळेचं आम्हाला विचारा. दिल्लीहून लेह जेमतेम सव्वा तास. पण तिथली धावपट्टी साडेदहा हजार फुटांवर. दुपारी वारा चढतो, म्हणून विमानं सकाळीच. ढग उतरले की दिल्लीतच मुक्काम, आणि रजा तिकडं कापली जातेय! पोचल्यावरही लगेच कामाला नाही. आधी विरळ हवेची सवय होईपर्यंत पडून राहायचं. सव्वा तासाचा प्रवास आठवड्याचा होतो बघा.

टिळकवाडी: वाऱ्यावरनं आठवलं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१६ मध्ये अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरनं न्यायला लागले. वाट हजाराहून जास्त किलोमीटरनं लांब, तरी पाठीशी वारा असल्यानं वेळ कमी! आणि बेंगळुरूहून तिकडं १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये ते थेट विमान उत्तर ध्रुवावरनं आलं. नकाशावर हा मार्ग उगीच वळसा वाटतो. भोपळ्यावर दोरी ताणून बघा, वर सरकते की नाही?

शहापूरची लेक: म्हणजे किलोमीटर विचारून उपयोग नाही म्हणा.

टिळकवाडी: किलोमीटर विचारा, पण वाट कुठली तेही विचारा. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचे तासही वाढले. शहरं तिथंच होती की!

निपाणी नाका: आमच्याकडनं उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचं विमानतळ जवळ, सांबरा लांब. पण मी वेळापत्रक बघून ठरवतो. जवळच्या विमानतळावर पुढचं विमान गाठायला सहा तास बसायचं असेल, तर लांबचा बरा. सोबत कुंदा, आपली बेळगावची मिठाई, न्यायचा असेल तर मात्र सांबराच. तो बेळगाव शहरातनं ताजा घेता येतो.