मनीचे टाके

ब-३०४ : सर्वांना नमस्कार. आमच्या मनीची नसबंदीची शस्त्रक्रिया काल दुपारी झाली. घरी आल्यापासून ती पलंगाखाली बसून आहे, रात्री जेमतेम दोन घास खाल्ले आणि गळ्यातल्या प्लास्टिकच्या नरसाळ्यामुळे सारखी दारांवर आदळते. ते काढून ठेवावे, असा मुलीचा हट्ट आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

अ-१०१ : दुखत असेल तर पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यावी आणि टाक्यांवर हळद लावावी. गावी आम्ही गुरांच्या जखमांनाही हळदच लावत असू.

ब-७०२ : काका, क्षमस्व, पण गोळी अजिबात देऊ नये. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी होतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. वेदनाशामक फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलेच द्यावे. हळदीने जखम झाकली जाते आणि खालची लाली किंवा पू दिसतच नाही.

ताई, भूल पूर्ण उतरायला एक दिवस लागतो, त्यामुळे आजचे लपणे आणि कमी खाणे स्वाभाविक आहे. मात्र उद्या दुपारपर्यंतही तिने अन्नाला तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना फोन करावा, कारण मांजराला लांबलेला उपास यकृतावर बाधतो. नरसाळे मात्र टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, राहू द्यावे, कारण मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते आणि आपण चहा ठेवायला गेलो तेवढ्या वेळात ती टाके उसवू शकते. (आमच्या पहिल्या मांजरीने हेच केले होते, तेही आम्हाला दया आली म्हणून.) वाडग्याऐवजी नरसाळ्याच्या तोंडात मावेल अशी उथळ ताटली द्यावी. तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत, कपाटावर चढू देऊ नये, अंघोळ घालू नये. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी टाक्यांचे छायाचित्र काढावे, म्हणजे सूज वाढते आहे की उतरते आहे हे आठवणीवर सोडावे लागत नाही. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा टाक्यांतून रक्त ठिबकू लागले, तर रात्र असली तरी थांबू नये.

अ-१०१ : हे मला ठाऊक नव्हते. गोळीचा सल्ला मागे घेतो.

ब-३०४ : ताटलीतून तिने आत्ताच थोडे खाल्ले! काका, काळजीने लिहिलेत, त्याबद्दल आभार.

क-२०१ : आमचा बोका तुमच्या गॅलरीत येतो, हे ठाऊक आहे. टाके निघेपर्यंत त्याला घरातच ठेवू. तुम्हीही जाळी लावून घ्यावी, कारण तो आमचे ऐकतोच असे नाही.