मदत हवी: खरजेचे किडे जास्त तिला खाज नाही, कमी त्याला रात्रभर, असं कसं?

नमस्कार मंडळी, यावल तालुक्यातून लिहितोय. घरात खरूज शिरलीये. पुतण्या होस्टेलवरून आला तो खाजवतच आला, बोटांच्या बेचक्यात, कमरेला बारीक पुरळ, अन् रात्री गोधडीत शिरला की विचारूच नका. त्याला परमेथ्रिन, म्हणजे किडे मारणारं मलम सुरू केलंय.

प्रश्न आजीचा आहे. ती सांधेवातासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडची गोळी घेते. हातावर, कोपरावर जाड राखाडी खपल्या धरल्या, आम्ही सोरायसिस समजत होतो कारण खाज जवळपास नाहीच. जळगावच्या स्किनवाल्या डॉक्टरांनी खपली खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली, म्हणे हीपण खरूजच, क्रस्टेड म्हणजे जाड खपल्यांचा प्रकार, पोराच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतील तर हिच्या अंगावर हजारोंनी. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले अन् आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) तर भलतंच. आता पेशी एवढ्या वाढल्या म्हणजे शरीर लढतंय ना, मग किडे कमी नको का व्हायला? आयजीई उतरलं म्हणजे आजार उतरला असं धरायचं का? दवाखान्यात गर्दी होती, विचारायचं राहिलं. सांगा ना भो कोणी.

प्रतिसाद १
खाज किडा चावून येत नाही हो, त्याची लाळ, विष्ठा, अंडी यांवर शरीर चिडतं त्याची ती ॲलर्जी. पुतण्याच्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या आहेत म्हणून तो खाजवतो, अन् खाजवण्यानंच बरेच किडे निघून जातात. आजीच्या टी पेशी स्टिरॉइडनं दबलेल्या. क्रस्टेडमध्ये कातडीत टी पेशींपैकी सीडी४ प्रकारच्या कमी अन् सीडी८ प्रकारच्या जास्त सापडतात, शरीर टीएच२ बाजूला (ॲलर्जीसारख्या प्रतिकाराकडे) झुकतं, त्यातून आयजीई, इओसिनोफिल भरमसाठ वाढतात पण त्यानं किडा मरत नाही. म्हणजे फौज आहे, पण चुकीच्या वेशीवर. आयजीईचा आकडा धरून बसू नका, खपल्या जातायत का अन् खरवडून किडे दिसतायत का ते बघा. हिला नुसत्या मलमानं भागत नाही, सोबत आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या गोळ्यांचे डोस एकापेक्षा जास्त वेळा लागतात, डॉक्टर सांगतील तसे पूर्ण करा. स्टिरॉइड मात्र मनानं बंद करू नका, एकदम सोडलं तर जिवावर येतं.

अन् एक, खरूज पोरानंच आणली हे कशावरून? पहिल्यांदा झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. मधे तो घरी आला होता का?

धागाकर्ता
आला होता ना, काकाच्या पोरीच्या लग्नाला, अन् आजीजवळच झोपायचा. म्हणजे इथूनच तिकडे गेली की काय! घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायचं ठरलंय, पण आता होस्टेलच्या सरांनाही फोन करावा लागेल. खपल्या गळतात त्या गाद्या-गोधड्यांचं काय करायचं?

प्रतिसाद २
धुण्यासारखं सगळं गरम पाण्यात. जाड गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, माणूस मिळालं नाही की किडा मरतो. आजीची खोली रोज झाडा, झाडणाऱ्यानं हातमोजे घाला.