नेटवर खरं नाव सक्तीचं करावं का?

कृष्णाकाठ, वाळवा : मागच्या हंगामात उसाची ट्रॉली आधी खासगी काट्यावर घातली, मग कारखान्याच्या. फरक सव्वा टनाचा. पावतीवरचं नाव आणि गट नंबर अंगठ्यानं झाकून फोटो काढला, टोपणनावानं टाकला. नाव घातलं असतं तर यंदा तोड मिळाली नसती, ऊस शेतातच वाळला असता. आणि सरकार तर एकेक दार बंद करत चाललंय. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, व्हीपीएनवाल्यांना (नेटवर आपली ओळख झाकणारी सेवा देणाऱ्यांना) ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी म्हणजे नेटवरचा क्रमांक ५ वर्षं जपायला सांगितलं. आता खातं उघडायलाही ओळखपत्र मागितलं तर आमच्यासारख्यानं बोलायचं कुठं?

मिरजेची मावशी : दादा, तुमचं पटतं. पण माझ्या भाचीचा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं उघडलं, तेही बारावीच्या वर्षात. करणाऱ्याला नाव नाही आणि जिचं नाव ती क्लासला जाईना. ओळखपत्र लागलं असतं तर हे झालंच नसतं.

कृष्णाकाठ : मावशी, सिम कार्डाला ओळखपत्र लागतंच की. पोलिसांना नंबर काढता येतो.

मिरजेची मावशी : काढला ना. सिम एका वीटभट्टीवरच्या मजुराच्या नावावर निघालं. त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही.

जुना कॅफेवाला, विश्रामबाग : मग सक्तीनं काय साधलं मावशी? मजुराच्याच कागदावर खातंही उघडलं असतं. मी नेट कॅफे चालवायचो. २०११ च्या नियमानं प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, नोंद वर्षभर ठेवायची. वही काउंटरवर उघडीच असायची. एकदा एक पोरगा त्यातून मुलीचा मोबाईल नंबर तळहातावर उतरवून घेताना सापडला. त्या दिवसापासून वही कुलपात, पण आधी किती जणांनी उतरवले असतील? दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर खऱ्या नावाची सक्ती केली. २०११ मध्ये एकाच कंपनीतून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. नावं गोळा केली की ती सांभाळावी लागतात, आणि इथं साधी वही सांभाळली जात नाही.

मिरजेची मावशी : वहीचं वाचून पोटात गोळा आला. बरं, सक्ती नको म्हणा. पण ते खातं बंद व्हायला तीन आठवडे लागले, भाची अजून फोनला हात लावत नाही. तिच्यासाठी काय करायचं तेही दोघांनी लिहा.