प्रतिसाद: कुर्डुवाडी म्हणजे नुसतं जंक्शन नव्हे

सोलापूर जिल्ह्यातलं कुर्डुवाडी म्हणजे नुसतं गाडी बदलायचं ठिकाण, असं काहींना वाटतं. पटलं नाही. बार्शी लाइट रेल्वेचा कारखाना इथलाच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी लाइन (म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर) १८९७ साली इथून बार्शीपर्यंत धावली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. वारीला मात्र मालडबेसुद्धा वारकऱ्यांनी भरायचे. तेव्हा फिटर-फायरमनना कसली झोप! (रजा मागायची तर विठोबाकडेच.) १९५४ मध्ये लाइन सरकारकडे गेली. पुढे ब्रॉडगेज (रुंद रूळमार्ग) झालं, छोटी इंजिनं गेली, कारखाना मात्र राहिला.